ल्युअर दोरीला जोडायचा कसा? गरवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्ली खाडीच्या मुखाशी, देवबागच्या बाजूला, पाणी फिरायच्या वेळेला हल्ली रॉड घेतलेली बरीच मंडळी दिसतात. कोणी कोल्हापूरहून आलेलं असतं, कोणी पुण्याहून, कोणी बेळगावहून. रॉड चांगला, रीळ चांगलं, ल्युअरचा, म्हणजे नकली आमिषांचा, डबा तर माझ्यापेक्षा मोठा. आणि ल्युअर ज्या बोटभर जागेत दोरीला जोडलेला असतो, तिथे काहीतरी भलतंच. खालचे प्रश्न मला बहुतेक त्या वाळूतच विचारले गेले आहेत. उत्तरं खाडी, खडप म्हणजे किनाऱ्यावरचे खडक, आणि थोडंफार गोडं पाणी यांपुरतीच आहेत. घाटावर ज्याला गळ म्हणतात त्याला आमच्याकडे गरी म्हणतात, आणि गळ टाकायला जाण्याला गरवायला जाणं. तेवढं सांभाळून घ्या.

ल्युअर जोडायचे एकूण प्रकार किती?

चार. पहिला, दोरी सरळ ल्युअरच्या डोळ्यात, म्हणजे दोरी ओवायच्या कडीत, घट्ट गाठीने बांधणे. दुसरा, सैल लूप, म्हणजे मोकळा फास, ठेवणारी गाठ मारणे. तिसरा, स्नॅप, म्हणजे सेफ्टी पिनसारखा उघडमीट होणारा तारेचा आकडा. चौथा, स्नॅपला स्विव्हल म्हणजे फिरकी जोडलेली. स्प्लिट रिंग, म्हणजे किल्ल्यांच्या कड्यासारखी दुहेरी वळशाची रिंग, या चारांपैकी कशाच्याही पुढे असू शकते, नसूही शकते.

यातलं कुठलं वापरायचं हे ठरवू कसं?

तीन गोष्टी विचारा, आणि याच क्रमाने. मासा दोरी कापणारा आहे का? ल्युअरला हलायला किती मोकळीक हवी? आणि शेवटी, मला ल्युअर किती वेळा बदलायचाय? बहुतेक जण शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतात. दुकानातून स्नॅप-स्विव्हलचं पाकीट आणतात, एक दोरीला बांधतात आणि दिवसभर त्याला पॉपरपासून जिगहेडपर्यंत (म्हणजे शिशाचं डोकं बसवलेल्या गरीपर्यंत) सगळं लटकवतात. सोय होते, नाही असं नाही. पण पाण्यात तो ल्युअर काय करतोय हे एकदा पायाशी, गुडघाभर पाण्यात ओढून बघा.

स्नॅपमुळे ल्युअरची चाल खरंच बिघडते का?

ल्युअर कुठला, स्नॅप केवढा, यावर आहे.

मिनो किंवा क्रँकबेट घ्या, म्हणजे पुढे प्लास्टिकची जीभ असलेला माशाच्या आकाराचा ल्युअर. तो डावीकडे-उजवीकडे थरथरतो, कारण पाणी त्या जिभेवर आपटतं आणि नाक मोकळं असल्यामुळे अंग डुलतं. डोळ्याला घट्ट गाठ आवळली की नाक धरल्यासारखं होतं. त्यातही गाठ सरकून डोळ्याच्या एका बाजूला बसली की ल्युअर तिरका पळायला लागतो. अशा ल्युअरला लहानसा, गोल वाकाचा स्नॅप उलट चांगला, चाल खुलते. इथे टोकदार वाकाचा स्नॅप नको. ल्युअरचा डोळा त्या कोपऱ्यात अडकून बसतो आणि घट्ट गाठीसारखंच होतं.

पाण्यावर चालणाऱ्या ल्युअरचं गणित वेगळं. पॉपर किंवा स्टिकबेट नाक वर ठेवून तरंगतो. त्याच्या नाकावर पितळी फिरकी आणि जाड स्नॅप लटकवला की नाक खाली जातं. 'पॉप' असा आवाज यायच्या ऐवजी तो डुबकी मारतो आणि तुम्ही रॉडला दोष देता.

सात-आठ सेंटीमीटरच्या हलक्या ल्युअरला नखाएवढा स्नॅप पुरतो. पण स्नॅप लहान केला की ताकद कमी होते, आणि तिथे खरी ओढाताण आहे. गणपतीनंतरचे दिवस होते, पाऊस उघडला होता, पाणी अजून गढूळ होतं. एका जिताड्याने ल्युअर घेतला, पाण्याबाहेर डोकं काढून एकदा झाडलं आणि दोरी सैल. गुंडाळून आणली तर टोकाला स्नॅप होता, पण सरळ झालेला. उघडलेली पिन हातात घेऊन उभा राहिलो. पाकिटावर किती ताण झेपेल त्याचा पौंडात आकडा छापलेला होता, दोरीपेक्षा जास्त. त्या दिवसापासून नव्या पाकिटातला एक स्नॅप घरी ताणकाट्याला लावून ओढून बघतो. उघडलाच तर पाकीट बांगड्याच्या ल्युअरसाठी बाजूला.

मग चांगला स्नॅप ओळखायचा कसा?

बंद केल्यावर तारेचं टोक कशात तरी आकड्यासारखं अडकलं पाहिजे, नुसतं पत्र्याच्या खोबणीत सरकून बसलेलं नको. साध्या सेफ्टी पिनच्या घाटाचे स्नॅप ताण आला की त्या खोबणीतून निसटतात. ज्यांत तारेचं टोक वळून स्वतःच्याच तारेत अडकतं, ते टिकतात. दहा-बारा वेळा उघडबंद केल्यावर तार सैल वाटली तर फेकून द्या. स्नॅप ल्युअरपेक्षा खूप स्वस्त असतो, जिताड्यापेक्षा तर विचारूच नका.

ल्युअरला आधीच स्प्लिट रिंग आहे. तिलाच बांधू का?

बांधता येतं, आणि मग वेगळा स्नॅप लावायची गरज उरत नाही, कारण रिंगच मोकळीक देते. फक्त एक बघा. रिंगच्या तारेची दोन टोकं जिथे संपतात तिथे पायरीसारखी कड असते. गाठ फिरत फिरत त्या कडेवर आली की दोरी, विशेषतः बारीक दोरी, तिथे कातरते. रिंगमध्येच स्नॅप अडकवत असाल तर रिंग काढूनच टाका. जोडाला जोड लावून साखळी करण्यात अर्थ नाही.

रिंग उघडायला तिच्यासाठीची चिमट्यासारखी पक्कड मिळते, ती घ्या. नखाने उघडणारे शूर लोक मी पाहिलेत, त्यांची नखंही पाहिलीत.

फिरकी कधी लावायची?

ल्युअर स्वतःभोवती गरगर फिरत असेल तेव्हा. पातं फिरणारा स्पिनर, काही चमचे म्हणजे चमच्याच्या आकाराचे पत्र्याचे ल्युअर, जोरात ओढलेली लांबट धातूची पट्टी. हे फिरले की दोरीला पीळ पडतो. पीळ साठत गेला की एखाद्या फेकीला रिळावरून दोरीचा पुंजका सुटतो आणि पुढचा अर्धा तास तो सोडवण्यात जातो. फिरकी ल्युअरला चिकटून नको, दीड-दोन फूट मागे, लीडर (ल्युअरआधीचा जाड दोरीचा तुकडा) सुरू होतो तिथे लावा. पीळ तिथेही सुटतो आणि ल्युअरच्या नाकावर वजन येत नाही.

मिनो, पॉपर, जिगहेड, फ्रॉग म्हणजे रबरी बेडूक, यांना फिरकी लागत नाही. तरीही लावल्याशिवाय बरंच वाटत नाही असे लोक आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

एकच गाठ शिकायची असेल तर कुठली?

एकच म्हणालात तर युनी. पण दोन शिका. युनी आणि लूप एवढ्या दोन गाठींवर माझा बहुतेक काळ निघालाय. इंटरनेटवरच्या पन्नास गाठींचा तक्ता घरी भिंतीवर लावायला छान आहे.

युनी अशी मारतात. दोरी डोळ्यातून ओवा, वीतभर पुढे काढा, आणि ते शेपूट मूळ दोरीला लागून मागे आणा. मग शेपूट वळवून ल्युअरकडे आणत एक गोल करा. त्या गोलाच्या आतून शेपटाने दोन्ही दोऱ्यांना मिळून पाच-सहा वेढे घाला. थुंकीने ओली करा. आधी शेपूट ओढून वेढे एकमेकांना चिकटून बसवा, मग मूळ दोरी ओढून गाठ सरकवत डोळ्यापाशी न्या. ब्रेडेड, म्हणजे वेणीसारखी विणलेली, दोरी असेल तर वेढे आठ करा, कारण ती गुळगुळीत असते आणि निसटते.

लूपची गाठ जिगहेडवरच्या रबरी माशाला आणि रिंग नसलेल्या मिनोला उत्तम. शेपटापासून वीतभर मागे एक साधी गाठ मारा, पण आवळू नका, छल्ला मोकळा ठेवा. शेपूट डोळ्यातून ओवा आणि त्याच छल्ल्यातून परत आणा, ज्या बाजूने ते छल्ल्यातून बाहेर पडलं होतं त्याच बाजूने आत. आता मूळ दोरीभोवती वेढे घ्या आणि शेपूट पुन्हा त्याच छल्ल्यातून, पुन्हा त्याच बाजूने आत घाला. ओलं करा, शेपूट हलकं ओढून वेढे जुळवा, मग ल्युअर एका हातात आणि दोरी दुसऱ्या हातात धरून आवळा. बाजू चुकली तर गाठ दिसते बरोबर, पण बसत नाही, वेडीवाकडी फुगते. सोडा आणि परत मारा.

वेढे किती, हे दोरीच्या जाडीवर. आठ-दहा पौंडांच्या बारीक दोरीला पाच ते सात, पंधरा ते चाळीस पौंडांच्या लीडरला चार, पन्नास-साठला तीन. जाड लीडरला सात वेढे घालून बघा, गाठ आवळतच नाही.

लूप केवढा? वाटाण्याएवढा. छल्ला आवळण्याआधी ल्युअरच्या जवळ सरकवत आणला की लूप लहान होतो. लिंबाएवढा ठेवला तर गरीचं टोक त्यातच अडकतं.

लूपच्याच कुळातली आणखी एक गाठ रापाला या नावाने ओळखली जाते. फिनलंडच्या लाउरी रापाला या मासेमाराने १९३६ च्या सुमारास बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी आणि फोटोच्या वितळवलेल्या निगेटिव्हचा थर दिला. तो जखमी माशासारखा अडखळत पोहायचा, आणि त्या अडखळण्यावरच मोठे मासे यायचे. तसल्या हलक्या ल्युअरचं नाक घट्ट गाठीने आवळणं म्हणजे त्याने कोरून काढलेली चाल पुन्हा बुजवणं.

पालोमार गाठ सगळ्यात मजबूत म्हणतात ना?

मजबूत आहेच, आणि सोपीही आहे. दोरी दुहेरी करून डोळ्यातून ओवायची, त्या दुहेरी दोरीची एक साधी गाठ मारायची, आणि उरलेल्या फासातून अख्खा ल्युअर बाहेर काढून आवळायची. ब्रेडेड दोरी थेट बांधताना ही माझी पहिली निवड.

अडचण 'अख्खा ल्युअर बाहेर काढून' या शब्दांत आहे. साध्या गरीला, जिगहेडला, फ्रॉगला ठीक. पण दोन-दोन तिकड्या गऱ्या लोंबणारा बारा सेंटीमीटरचा मिनो त्या फासातून काढताना निम्म्या वेळा गरी दोरीत अडकते, दोरी खरवडते, नाहीतर बोटात शिरते. तिथे युनी किंवा स्नॅप.

ब्रेडेड दोरी सरळ ल्युअरला बांधली तर काय बिघडतं?

(आमच्याकडे सगळे तिला नुसतं 'ब्रेड' म्हणतात. बेकरीशी संबंध नाही.)

खाडीत बिघडतं. ब्रेडेड दोरी बारीक आणि ताकदवान असते, पण ती अगदी बारीक धाग्यांची वेणी आहे. कालवं चिकटलेल्या दगडाला ताणलेली ब्रेड एकदा घासली की खलास. जिताड्याला कापणारे दात नसतात, त्याचं तोंड आतून कानशीसारखं खरखरीत असतं. पण गालावरच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, आणि डोकं झाडताना तो दोरी नेमकी तिच्यावर आणतो. तांबोशी तर ल्युअर घेऊन सरळ दगडाच्या कपारीत घुसते. शिवाय ब्रेड मऊ असल्याने फेकताना मागे येऊन पुढच्या तिकडीत गुंतते.

म्हणून मध्ये लीडर, म्हणजे जाड, ताठ, एकधागी दोरीचा तुकडा. खाडीत लहान तांबोशीला तीस-चाळीस पौंडांचा, जिताड्यासाठी चाळीस-पन्नासचा. लांबी हातभर ते मीटरभर. खडपावरून फेकत असाल तर थोडी जास्त चालेल.

लीडर साध्या तंगूसचा चालेल की फ्लुरोकार्बनच हवा?

तंगूस म्हणजे नायलॉन, मोनो. चालतो. पॉपर आणि तरंगत्या स्टिकबेटला तर मी मोनोच लावतो. फ्लुरोकार्बनची घनता पाण्याच्या पावणेदोन पटीहून थोडी जास्त, तो खाली ओढतो. नायलॉन पाण्यापेक्षा किंचितच जड.

फ्लुरोकार्बन 'पाण्यात दिसत नाही' ही जाहिरात आहे, पण तिच्यात थोडं खरं आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२ च्या आसपास, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. म्हणजे फ्लुरोकार्बन पाण्याच्या जवळ जातो, अदृश्य होत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या नितळ पाण्यात फरक पडतो. पावसाळ्यात, चहाच्या रंगाच्या खाडीत, तुमचा लीडर बघायला त्या माशाला स्वतःची शेपटीही दिसत नसते. तिथे मी फ्लुरोकार्बन वापरतो तो घासायला टणक म्हणून. टणकपणाची किंमत गाठीला द्यावी लागते. तो आवळताना लवकर तापतो आणि वळणावर चिरतो, म्हणून सावकाश आवळा.

ब्रेड आणि लीडर एकमेकांना जोडायचे कसे?

घरी, पंख्याखाली, चहा पीत असाल तर एफजी गाठ. ब्रेड ताणून धरायची, लीडरभोवती एकदा वरून एकदा खालून असे अठरा-वीस वेढे घालायचे आणि शेवटी अर्ध्या गाठींनी बंद करायचं. लीडर कुठेच दुमडत नसल्यामुळे जोड बारीक राहतो आणि रॉडच्या कड्यांतून खडखड न करता जातो. शिकायला आठवडा लागतो. नीट न आवळलेली एफजी अचानक, काही न सांगता, अख्खी निसटते.

वाऱ्यात, खडपावर, मागे लाट येत असताना दुहेरी युनी. ब्रेडच्या बाजूने आठ वेढे, लीडरच्या बाजूने चार. जाडसर होते, पण मारताना डोकं चालवावं लागत नाही.

वायर कधी?

सुरमई, बॅराकुडा, वाकटी यांचे दात कात्रीसारखे. ल्युअर वारंवार नुसता कापून जात असेल तर तुमच्यासमोर यांच्यापैकी कोणीतरी आहे. वीतभर बारीक वायर पुरते, हातभर नको. एकधागी वायरला गाठ मारत नाहीत. ती स्वतःभोवती पीळ घालून वळवतात, आधी सैल तिरके पीळ, मग चिकटून गोल वेढे, आणि टोक पक्कडीने न कापता मागेपुढे वाकवून तोडतात, म्हणजे हाताला लागणारी टाचणी उरत नाही. वायरच्या टोकाला लहान स्नॅप ठेवला की काम झालं. इथे स्नॅपबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

रावस आणि जिताडा यांच्यासाठी वायर लावू नका. ल्युअर काठीसारखा ताठ चालतो आणि चावे कमी होतात.

धातूच्या जिगला दोरी कुठे बांधायची?

जिगला, म्हणजे त्या लांबट धातूच्या पट्टीला, नको, सॉलिड रिंगला बांधा. सॉलिड रिंग म्हणजे जोड नसलेली अखंड रिंग. असिस्ट गरी, म्हणजे जाड धाग्याला लटकणारी गरी, याच रिंगला असते. लीडरही याच रिंगला बांधायचा. मग एका स्प्लिट रिंगने जिग त्या सॉलिड रिंगला अडकवायचा. असं केलं की माशाचा जोर गरी, सॉलिड रिंग, लीडर असा सरळ जातो, आणि स्प्लिट रिंगवर फक्त जिगचं वजन येतं. उलट, लीडर स्प्लिट रिंगला बांधला तर मासा तुमच्या सगळ्यात कमजोर दुव्याशी भांडतो. पाच मिनिटं थांबून हे एकदा हातात घेऊन बघा, वाचून तितकंसं डोक्यात बसत नाही.

तळ्यात मरळीसाठी फ्रॉग वापरतो. तिथेही लीडर लावायचा का?

मी लावत नाही. चाळीस-पन्नास पौंडांची ब्रेड, थेट, पालोमार. मरळ शेवाळात आणि कमळाच्या पानांत घेते आणि लगेच खाली बुडी मारते. तिला त्या गचपणातून ओढून काढायला ब्रेडच लागते, ती देठं कापत येते. लीडरची गाठ असेल तर तिथेच शेवाळाचा गोळा साठतो. स्नॅपलाही तेच होतं.

तलावाचा मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते विचारून मगच बसा. आणि पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा बुडबुडताना दिसला तर खाली मरळ राखण करतेय, तिथे फ्रॉग टाकू नका. ती भुकेने घेत नाही, पिल्लांसाठी झडप घालते.

स्पिनरबेटच्या वळलेल्या तारेला स्नॅप का टिकत नाही?

स्पिनरबेट म्हणजे वाकवलेल्या तारेच्या एका हाताला पातं आणि दुसऱ्याला गरी असलेला ल्युअर. ती तार नुसती वाकवलेली असते, बंद डोळा नसतो. स्नॅप सरकत पात्याकडे जातो आणि ल्युअर उलटा लोंबतो. सरळ गाठ मारा.

ल्युअर गेला. गाठ सुटली की दोरी तुटली, कसं कळणार?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरं तर पहिला हाच विचारायला हवा. दोरीचं टोक आणा, उजेडात धरा, बोटांत फिरवा.

टोक डुकराच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं असेल, बारीक बारीक वळ्या असतील, तर गाठ निसटली. दोष तुमचा. वेढे कमी पडले किंवा नीट आवळली नाही.

टोक सरळ आणि एकदम स्वच्छ, ब्लेडने कापल्यासारखं असेल तर दात, कल्ल्याची कड किंवा कालव. पुढच्या वेळी लीडर जाड करा किंवा वायर लावा.

टोकाच्या मागे हातभर दोरी खरखरीत, पांढुरकी, फुगलेली असेल तर ती आधीपासूनच घासत होती आणि तुम्ही बघितली नाही.

टोक वळणावर तुटलेलं, थोडं पांढरं आणि ताणून बारीक झालेलं असेल तर गाठीतच तुटली, बहुधा कोरडी आवळल्यामुळे.

आमच्या वाडीतले एक म्हातारे, सगळं आयुष्य हातदोरीने गरवण्यात गेलेलं, माझं पहिलं महागडं रीळ कौतुकाने बघत होते. मोठा मासा गेला तेव्हा मी म्हटलं, दोरीच खराब निघाली. त्यांनी टोक हातात घेतलं, वळ्या बघितल्या आणि म्हणाले, "तंगूस तुटूक नाय रे झिला, गाठ सुटली तुजी." दोरीच्या कंपनीला लिहायचं पत्र तिथेच राहिलं.

गाठ आवळताना थुंकी कशाला? पाणी चालत नाही?

पाणीही चालतं. मुद्दा ओलं करण्याचा आहे. कोरडी गाठ आवळताना दोरी दोरीवर घासते, तिथे उष्णता होते आणि नायलॉन नेमकं ताण येणाऱ्या जागी मऊ पडतं. कधी कधी तो 'चर्रर्र' असा बारीक आवाजही येतो. आवाज आला की ती गाठ कापून टाका, दिसायला कितीही सुंदर असो. थुंकीचा फायदा एवढाच की ती तोंडातच असते. गाठ तोंडात धरताना गरी कुठे आहे ते मात्र बघा.

गाठीनंतरचं शेपूट किती ठेवायचं? लायटरने टोक जाळू का?

मोनोला दोन-तीन मिलिमीटर, ब्रेडला थोडं जास्त, पाच तरी. अगदी गाठीला लावून कापू नका, पहिल्या ओढीत गाठ थोडी बसते आणि तेवढं शेपूट आत खेचलं जातं.

लायटर नको. नायलॉन साधारण २२० अंश सेल्सिअसला वितळतं, ब्रेडचं पॉलिएथिलीन तर १५० च्याही आत. वाऱ्यात ज्योत जरा हलली की टोकाबरोबर गाठही भाजते. ब्रेड कापायला धारदार लहान कात्री ठेवा. नेलकटरने ती कुरतडली जाते, कापली जात नाही.

बांधलेली गाठ कितपत ताण सहन करते?

गाठीत दोरीची थोडी ताकद जातेच, म्हणून रिळाचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला दोरी सोडणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा. वीस पौंड म्हणजे सुमारे नऊ किलो, तेव्हा ड्रॅग अडीच-तीन किलोला दोरी सोडू लागला पाहिजे. बाजारहाटाला वापरतात तो आकड्याचा ताणकाटा दोरीला लावून ओढा, कळतं. त्याच काट्यावर आपल्या गाठी तोडूनही बघा. माझी लाडकी गाठ माझ्या हातची किती कच्ची आहे हे मला तसंच कळलं. ती कुठली, ते सांगत नाही.

गाठ पुन्हा कधी मारायची?

मोठा मासा आल्यावर. दगडात अडकून ओढून काढल्यावर. आणि काहीच झालं नाही तरी तासा-दीड तासाने शेवटची वीतभर दोरी अंगठा आणि बोटाच्या मधून ओढा. कुठे नख अडकल्यासारखं वाटलं की तिथून कापा. बोटं पाण्याने सुरकुतली असतील तर ओठांवरून फिरवा, ओठांना जास्त कळतं. नव्या जिगहेडचा डोळा बघायलाही विसरू नका. स्वस्त जिगहेडचा डोळा रंगाने बुजलेला असतो. तो जुन्या गरीने टोकरून साफ करा, नाहीतर रंगाची कड दोरी खाते.

गाठीवर सुपरग्लूचा थेंब टाकू का?

चांगल्या गाठीला गरज नाही, वाईट गाठीला उपयोग नाही.

ल्युअर एका बाजूला पळतो. हाही गाठीचाच दोष?

आधी गाठ डोळ्याच्या मध्यावर आहे का बघा. स्नॅप किंवा लूप असूनही पळत असेल तर डोळा वाकडा आहे. ल्युअरचं नाक स्वतःकडे धरा. ओढताना तो तुमच्या उजवीकडे जात असेल तर डोळा पक्कडीने तुमच्या डावीकडे वाकवा. अगदी केसभर. दिसेल इतका वाकवलात तर जास्त झालं.

अंधारात किंवा चष्मा नसताना गाठ कशी मारायची?

चाळिशी ओलांडलेल्यांचा हा खरा प्रश्न आहे आणि तो हळू आवाजात विचारला जातो.

घरूनच चार-पाच लीडर तयार करून आणा. प्रत्येकाच्या एका टोकाला उजेडात मारलेला लूप, त्यात गोल स्नॅप, आणि दुसरं टोक मोकळं. जुन्या रबरी चपलेच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवले की गुंतत नाहीत. हेडलाईट समोरून मारण्यापेक्षा ल्युअरच्या डोळ्याच्या मागून येऊ द्या, भोक उजळून दिसतं. दोरीचं टोक तिरकं कापा, ओवायला सोपं. आणि हेडलाईट पाण्याकडे वळवू नका, बाजूचे लोक चिडतात.

एवढं करूनही ओवता येत नसेल तर शेजारच्या पोराला हाक मारा. आमच्याकडे एक जण आहे, आठवीत, मोबाइलच्या उजेडात माझ्यापेक्षा सुबक लूप मारतो. मोबदल्यात दर वेळी एक ल्युअर मागतो, आणि नेमका चालणाराच मागतो.